पगार नाही, तरी व्यवसाय कर

मैत्रिणींनो, आज डोकं पार उठलंय. फुलपाड्यातल्या आमच्या गाऊन शिवणाऱ्या छोट्या कंपनीत नवरा सहीपुरता संचालक, दुसरी संचालक मी आणि बाकी सगळं कामही माझंच.

सकाळी कर सल्लागार म्हणाले, "मशीनवरच्या ज्या बायकांचा पगार पंचवीस हजारांवर, त्यातून व्यवसाय कर कापायचा. संचालक म्हणून तुमचा वेगळा भरायचा."

"अहो, मी अजून पगारच घेत नाही!"

"पद घेतलंय ना? मग भरा."

दुपारी बायकांना त्यांचा कर कापणार असल्याचं सांगितलं. मीच पैसे खाते असं त्यांना वाटलं तर?

नंदाखाल गावची फिलोमिना मशीन थांबवून म्हणाली, "बाय, तुमचा पन कापला?"

"मला पगारच नाही. तरी भरायचाय."

सगळ्या खो खो हसल्या. "मंग आमीच बऱ्या! कापा, कापा."

सुटले खरी, पण चिडचिड जात नाही. सगळ्यांचा पगार वेळेवर देऊन स्वतःचा विसरणारी तुमच्यात आणखी कोणी आहे का?