पोचेपर्यंतचा केर

समोरच्या शकूमावशींचा लेक काल बायको-मुलीला घेऊन टोरांटोला परत गेला. आज सकाळी मी चहा घेऊन गेले, तर घरात केर तसाच. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही मावशींची जुनी रीत. पूर्वी माणूस जाऊन जाऊन साताऱ्याला जायचं, संध्याकाळच्या आत केर निघायचा. आता अर्धी पृथ्वी ओलांडायची असते.

मावशींच्या फोनवर निळ्या समुद्रावरून एक इवलंसं विमान सरकत होतं. खाली उरलेलं अंतर दिसत होतं.

"हे कमी होतंय म्हणे," मावशी म्हणाल्या. "मला तर वाढतानाच दिसतंय."

एकाच आकाशातलं एकच अंतर, पण ते मोजायला कुठल्या टोकाला बसलोय, त्यावर सगळं.

दुपारी पोचल्याचा फोन आला. "द्या, मी काढते केर," म्हणत मी झाडू घेतला. सोफ्याखाली नातीनं सांडलेला बिस्किटाचा चुरा होता. मुंग्या एकेक कण उचलून उंबऱ्याकडे नेत होत्या.

मावशींनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"राहू दे गं. त्या नेतायत ना, हळूहळू."