वऱ्हाडाचा ट्रक, एकास पस्तीस

तुम्ही दोघं परदेशी गेलात तेव्हा माझ्या कपाटात एक क्रिकेटची बॅट, एकाच पायाचा स्केट आणि न उघडलेलं एक मोठं खोकं ठेवून गेलात. बॅट मी खालच्या मजल्यावरच्यांना दिली. एकाच पायाच्या स्केटचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. खोक्यावर लष्कराच्या अवजड मालवाहू ट्रकचं चित्र होतं आणि त्याखाली इंग्रजीत छापलं होतं, की आतली वस्तू चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. माझं वय त्यात बसत होतं. फोनवर तुमची परवानगी घेतली. तुम्ही म्हणालात, "आजी, तूच कर ना." मग मीच केलं.

खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले शेकडो बारीक भाग होते आणि एक पुस्तिका होती. प्रश्न पूर्ण वाचण्याआधी उत्तर लिहायला घेणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्यामुळे आधी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मगच कात्री हातात घेतली. इंजिन झालं, चाकं झाली, पुढचं बॉनेट बसलं. तोवर आजोबा पेपर वाचत होते. बॉनेट बसल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

"हा आपला ट्रक हाय," ते म्हणाले.

मी सांगितलं, की हा परदेशी लष्कराचा ट्रक आहे.

"मग आपला कुठला होता?"

त्यांचं बरोबर होतं. तुमच्या पणजोबांनी, म्हणजे आप्पांनी, ऊस ओढण्यासाठी लष्कराच्या लिलावातला एक म्हातारा ट्रक घेतला होता. हंगामात तो गडहिंग्लजच्या बाजूचा ऊस बिद्रीच्या कारखान्यावर न्यायचा, आणि बाकीचं वर्ष अंगणात उभा राहून कोंबड्यांच्या उपयोगी पडायचा. आमच्या लग्नाचं वऱ्हाड त्याच ट्रकमधून कोल्हापूरला आलं. चालवायला स्वतः नवरदेव होते, कारण ठरलेला ड्रायव्हर आदल्या दिवशी दुसऱ्या लग्नात जेवून आजारी पडला होता. बाशिंग आरशाला टांगलं होतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दारात तो ट्रक उभा राहिला तेव्हा माझ्या वडिलांनी चालवणाऱ्यालाच हळूच विचारलं होतं, "मुलगा कुठे आहे?"

आता उभ्या आजीबद्दल सांगते. हे नाव तुम्हीच ठेवलंत. ती आजोबांची थोरली बहीण. सीमेकडच्या पद्धतीप्रमाणे आजोबा तिला अक्का म्हणतात, मी वन्सं म्हणते. ती आपल्या घरी कधीच बसत नाही, हे तुम्ही लहानपणी पाहिलं होतं, पण कारण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वन्सं आमच्या लग्नाला चार दिवस आधी सासरहून आल्या होत्या. दळण, पापड, सगळं त्यांनी केलं. निघायच्या दिवशी नवं लुगडं नेसून, वेणी माळून ट्रकजवळ आल्या, तर आजोबा म्हणाले, "अक्का, पाय ठेवाय जागा न्हाय. म्हशींचं बघाय कुणीतरी लागंल. तू ऱ्हा." ट्रक गेला. वन्सं माळलेल्या वेणीसकट म्हशींजवळ राहिल्या.

त्यांनी भांडण केलं नाही. बोलणं सोडलं नाही. तुमच्या बाबांच्या बारशाला आल्या, आमच्या वास्तुशांतीला आल्या, सासऱ्यांच्या बाराव्याला आल्या. "बसा" म्हटलं की विचारायच्या, "जागा हाय का?" आणि उभ्या राहायच्या. पंगत बसली की त्यांचा उपास निघायचा. चहा घ्यायच्या, पण दाराशी, पेल्यातून. अशी पन्नासेक वर्षं गेली. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. येतात तेव्हा अजूनही उभ्याच राहतात, फक्त आता भिंतीला टेकतात. मध्यंतरी त्या डॉक्टरकडे जाण्यासाठी कोल्हापूरला येणार असं कळलं, तेव्हा आजोबांनी टेबलावरच्या बॉनेटकडे पाहिलं.

"हा ट्रक आपल्यासारखा कर," ते म्हणाले. "माणसं भरू. अक्काला दाखवू. जागा नव्हती म्हणजे नव्हती."

लष्करी ट्रकचा उसाचा ट्रक करणं हे पुस्तिकेत नव्हतं. पुस्तिका बाजूला ठेवताना मला जरा धाकधूक वाटली. पहिली अडचण म्हणजे परदेशी ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे होतं. डॅशबोर्ड मधोमध कापून, फिरवून, परत चिकटवला. मागची ताडपत्री आणि तिच्या कमानी काढून टाकल्या. आइस्क्रीमच्या काड्या तासून उंच लाकडी बाजू केल्या, मागे उघडता येणारा फाळका केला आणि त्याला माझ्या एका तुटलेल्या गळ्यातल्याची साखळी लावली. आइस्क्रीम आजोबांनी खाल्लं. डॉक्टरांनी त्यांना ते मना केलेलं आहे, पण काड्या हव्या होत्या.

रंगाचं काम मला सर्वांत आवडलं. पणजोबांनी ट्रकच्या लष्करी हिरव्या रंगावरच घरच्या दारांचा उरलेला तांबडा ऑइलपेंट मारला होता, त्यामुळे जिथे खरचटे तिथे खालचं लष्कर दिसे. मी आधी हिरवा रंग दिला. तो वाळल्यावर पाणी लावून त्यावर मीठ भुरभुरलं, मग तांबडा फवारला आणि शेवटी ओल्या बोटाने मीठ चोळून काढलं. मीठ निघालं तिथे तांबड्यातून हिरवे डाग उमटले. आजोबा म्हणाले, "मीठ आमटीत घालायचं सोडून गाडीला घालत्येय." त्या दिवशी आमटी खरोखरच अळणी झाली होती, म्हणून मी मीठ चोळत राहिले.

माणसं मात्र आजोबांना करावी लागली. येताना मी त्या ट्रकमध्ये नव्हते, त्यामुळे कोण कुठे बसलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. गळक्या नळाला लावतात ती दोन भागांची पुट्टी मळून ते एकेक माणूस वळायचे. दिसायला ती माणसं बटाट्यांच्या जवळची होती, पण प्रत्येक बटाटा कोण आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकास पस्तीस हे प्रमाण मोडायचं नाही, अशी माझी अट होती. खरी पस्तीस फूट लांबी ट्रकमध्ये एक फूट होते. मी पुठ्ठ्याला बसलेल्या माणसाच्या मापाची खाच पाडली. खाचेतून जाईल तोच वऱ्हाडी. आजोबांचे मामा दोनदा अडकले.

"मामा जाडच होते," आजोबा म्हणाले.

"इतके जाड असते तर फाळक्यातून आत आले नसते."

"ते वरनं चढलेले."

मामांना मी दोन्ही बाजूंनी तासलं.

शेवटी सगळे भरले. काका, काकू, मामा, भावकी, पोरं, ताशेवाले, कपड्यांची ट्रंक. सगळे मांडी घालून, ओळीने. माझ्या बोटाचं टोकही मध्ये जात नव्हतं. आजोबा समाधानाने मागे टेकले. "बघ. मी खोटं बोलत नव्हतो."

मलाही ते पटलं. पण ट्रकची केबिन अजून बंद केली नव्हती. उजवीकडे स्टिअरिंगमागे आजोबा होते, डावीकडच्या दारापाशी पणजोबा. मध्ये एका माणसाएवढी रिकामी जागा होती.

"इथे कोण होतं?" मी विचारलं.

"सामान."

"कसलं?"

"सामान म्हंजे सामान. तिथं काय करत बसू नको, वरनं टप लाव."

मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. उत्तर येत नाही म्हणून कोरी ठेवलेली जागा कशी दिसते आणि उत्तर येतंय म्हणून कोरी ठेवलेली कशी दिसते, हे मला कळतं. मी टप लावला नाही. चिकटवण्याआधी सगळे भाग नुसते बसवून पाहावेत, असं पुस्तिकेत होतं, तेवढंच कारण मी सांगितलं. वऱ्हाडही त्याच कारणाने अजून सुटं ठेवलं होतं.

वन्सं आल्या त्या डॉक्टरकडून थेट. त्यांचा मुलगा त्यांना वर सोडून टायर बघायला गेला. आजोबा दिवाणावर मधोमध बसले होते. "ये अक्का, बस," ते म्हणाले.

"जागा असंल तर बसतो की," वन्सं म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. "डाक्टर म्हनला, उभं ऱ्हायाचं न्हाय. मी म्हटलं, तू माझ्या भावाच्या घरला चल."

मी चहाचा पेला दिला. त्यांनी तो संपवला. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. पेला माझ्या हातात देऊन त्या भिंतीला धरत धरत टेबलापाशी गेल्या आणि दोन्ही हात टेकून खाली वाकल्या.

"ह्यो आपला टरक."

"आपलाच," आजोबा म्हणाले. "हिनं केलाय. मापात. एक मानूस जास्त न्हाय, एक कमी न्हाय. बघ तुला जागा घावत्येय का."

वन्संनी चष्मा लावला. मामांना त्यांनी ओळखलं. ताशेवाल्यांना ओळखलं. मग म्हणाल्या, "ही समदी मांडी घालून का बसल्यात? जेवाय वाढायचं हुतं व्हय?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाचेच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"टरकात मानूस उकिडवं बसतंय. हिकडं सर, तिकडं सर म्हनतंय. आन ही पोरं खाली कशाला ठेवलीस? पोरं मांडीवर घेत्यात, मास्तरीनबाई."

त्यांनी चिमटीने एक पोर उचललं आणि काकूच्या मांडीवर ठेवलं. दुसरं मामांच्या. मामा तासलेले असले तरी मांडी शिल्लक होती. एक ताशेवाला बाजूच्या फळीवर चढवला.

"अक्का, चिकटवलेलं हाय ते," आजोबा म्हणाले.

"चिकटवलेलं कुठलं? हालतंय की."

ट्रकच्या मधोमध आता जागा दिसत होती. एक नव्हे, चांगल्या तीन बायका बसल्या असत्या. मला वाटलं, झालं. पण वन्सं तिथे पाहतच नव्हत्या. त्या केबिनमध्ये पाहत होत्या.

"ह्यो आप्पा. ह्यो तू. मधी काय हुतं?"

"सामान हुतं."

"मशीन हुती. कर्न्याची."

तुम्हाला कर्णा ठाऊक नसेल. तो म्हणजे वर्तुळाकार तोंडाचा लाऊडस्पीकर, आणि त्याला आवाज देणारं मशीन वेगळं असतं, साधारण बसलेल्या बाईएवढ्या जागेत मावेल असं. वरातीत गाणी वाजावीत म्हणून आजोबांनी ते गडहिंग्लजच्या बाजारातून भाड्याने आणलं होतं. लग्नात ते वाजलेलं मला आठवतं. माझ्या आईला दोन दिवस कमी ऐकू येत होतं.

"भाड्याची हुती, अक्का," आजोबा म्हणाले. "मागं ठेवली असती तर फुटली असती."

"मग मला ठेवायचं मागं. मी फुटलो नसतो."

आजोबांनी एकदा "म्हशींचं" म्हणून सुरुवात केली, वन्संनी चष्म्यावरून पाहिलं, आणि म्हशी तिथेच राहिल्या. मी हातात रिकामा पेला घेऊन उभी होते. आत जावं की थांबावं ते कळेना. ट्रकच्या बाजूला वाळत ठेवलेली एक फळी पडली, ती मी उचलून ठेवली.

मग आजोबा म्हणाले, "जागा हुती, अक्का."

"आं?"

"जागा हुती म्हनतोय. केबिनमदी. मी मशीन ठेवली."

"मग एवढी वर्सं न्हवती न्हवती काय करत हुतास?"

"एकदा म्हटलं न्हवती. मग तेच म्हनत ऱ्हायलो."

वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि डबीत ठेवला. त्या टेबल सोडून वळल्या. त्यांना दिवाणापर्यंत यायला वेळ लागला. आम्ही कुणी हात दिला नाही, कारण त्यांनी तो घेतला नसता.

"सरक," त्या आजोबांना म्हणाल्या.

आजोबा सरकले. दिवाण दोन्ही बाजूंना मोकळाच होता.

"आनि सरक."

आजोबा अगदी कडेला जाऊन बसले. वन्सं दिवाणाच्या मधोमध बसल्या. दोन्ही गुडघे वाजले. "आई गं," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "चा आन की गं. त्यो मघाचा उभ्यानं प्यालो, त्यो धरत न्हाय."

मी कपबशी आणायला आत गेले. आपल्या घरात वन्संना कधी बशी लागली नव्हती, त्यामुळे चांगल्या कपांची जोडी वरच्या फडताळात होती आणि ती काढायला मला स्टूल घ्यावं लागलं. बाहेर येते तो ती दोघं अजून त्याच बैठकीत होती, वन्सं मधोमध, आजोबा कडेला, आणि मामा नक्की किती जाड होते यावर त्यांचा वाद चालू होता.

ट्रक आता पूर्ण झाला आहे. फोटो वेगळा पाठवते. कर्ण्याचं मशीन आजोबांनी खोडरबराचं केलं. ते मागे आहे, मामांच्या पायाशी. वन्संची बाहुली वन्संनीच वळली, निघायच्या आधी, दिवाणावर बसून. वेणीसुद्धा केली. बाहुली मापापेक्षा बरीच मोठी आहे हे मला दिसत होतं, पण तिला मी खाचेतून घातलं नाही. ती केबिनमध्ये मधोमध बसल्यामुळे पणजोबा जरा बाहेर आले आहेत आणि डावीकडचं दार लागत नाही. ते उघडंच चिकटवलं आहे.