मी येऊन राहिली

शाळेत असताना मुलांच्या वह्यांवर माझं लाल पेन एका गोष्टीसाठी हमखास चालायचं. "मी शेतात जाऊन राहिलो" असं कुणी लिहिलं की खाली रेघ ओढायची आणि बाजूला लिहायचं, "मी शेतात जात आहे." पोरं म्हणायची, "बाई, आपण बोलतो तर असंच." मी म्हणायचे, "बोल ना मग, कोण नाही म्हणते? लिहू नको." मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातल्या शाळेत माझी सगळी नोकरी ह्यातच गेली. आणि निवृत्त झाल्यावर मोबाईलवर मी स्वतः काय लिहिते, तर जसं बोलते तसंच. म्हटलं, आता कोण बसलंय तपासायला.

मुलाची बदली पुण्याहून अमरावतीला झाली तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. हे गेल्यापासून अकोल्याच्या घरात मी एकटी आहे. एका माणसापुरती कणीक मळायला मला अजून जमत नाही. दिवसभरात कामवाल्या बाईशी काय चार शब्द होतात तेवढेच, आणि त्यातही ती टीव्हीतल्या सासवांबद्दल बोलते. मला फार एकटं वाटतं. कुणीतरी म्हणावं, "आई, आता इथंच राह," एवढंच मला पाहिजे होतं. आपण होऊन कुणाच्या दारात गाठोडं घेऊन उभी राहणारी बाई मी नाही, तेवढा ताठा आहे माझ्यात. पण कुणी म्हटलं असतं तर नाही म्हटलं नसतं.

सुनेचा फोन आला, शनिवारी जेवायला या, इथं एक नवीन जपानी हॉटेल उघडलंय. सून पुण्याची, स्वभावानं गरीब, कामाला वाघीण. घरूनच कंपनीचं काम करते. तिनं दूध, दही, तूप, सगळं सोडलंय. जनावराकडून आलेलं काहीच नको म्हणते. ह्या हॉटेलात म्हणे सगळं झाडापानांचंच असतं, आणि तिथं रामेन मिळतं. मी विचारलं, "रामनवमीचं काही आहे का?" ती खूप हसली. मलाही बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं होतं.

शुक्रवारी मी सरगुंडे केले. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवून घ्यायची, वाळवायची, आणि उकडून आमरसासोबत खायची. त्यात दूध नाही, तूप नाही, म्हणजे सुनेलाही चालणार. डबा बॅगेच्या तळाशी ठेवला. मग कपाट उघडलं, एक सुती साडी काढली, परत ठेवली, परत काढली. शेवटी डब्यावर साडी, साडीवर टूथब्रश आणि बीपीच्या गोळ्या ठेवून बॅगेची चेन लावली. न जाणो, म्हणालेच कुणी तर.

मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा सुनेला मेसेज टाकला, "मी येऊन राहिली." मुलगा ऑफिसात मोबाईल बघत नाही म्हणून तिलाच टाकला. तिचं उत्तर जरा उशिरा आलं, "बरं आई."

स्टँडवर ती घ्यायला आली. पाया पडली आणि उठताना तिची नजर बॅगेवर थांबली. "द्या ना, मी घेते," म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे, हलकी आहे."

हॉटेल एका मोबाईलच्या दुकानाच्या वर होतं. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं, आणि आत आम्ही एसी लावून वाफाळतं सूप प्यायला बसणार. मुलगा ऑफिसातून थेट आला. टेबलावर रामेनचे तीन मोठे वाडगे आले. रस्सा, त्यात लांबच लांब शेवया, वर मक्याचे दाणे, मशरूम, तीळ आणि पनीरसारखे दिसणारे पांढरे तुकडे. सून म्हणाली, "हा टोफू. सोयाबीनचा. रस्सापण सोयाबीनच्या दुधाचा आहे." मी तर बघतच राहिले. आमच्या वावरात जन्मभर सोयाबीन पिकलं. पेरलं, काढलं, पोत्यात भरून विकलं, पण कधी दाणा तोंडात टाकला नाही. ते जपानला जाऊन शिकून-सवरून असं माझ्यासमोर आलं होतं. चव चांगली होती, हे मान्य करायलाच पाहिजे.

काड्यांनी मला जमेना. शेवई उचलली की परत वाडग्यात पडायची. मी म्हटलं, "आमच्या सरगुंड्यालेही काडीच लागते, पण ती करताना. खाताना काडी पाहिजे हे कोणाचं डोकं?" दोघंही हसले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की सून नुसती रस्सा ढवळते आहे आणि मुलगा घास घेऊन चावायचं विसरला आहे.

"आई," तो म्हणाला, "तुले राग नाही ना येणार?"

लग्न झाल्यापासून तो माझ्याशीही पुण्यासारखं बोलतो. असा वऱ्हाडीवर आला की समजावं, काहीतरी अवघड आहे.

"कायचा राग?"

"तू राहायले आली, चांगलंच आहे. पण दुसऱ्या खोलीत हिचं ऑफिस आहे. दिवसभर मीटिंगा असतात. घरात कोणी असलं की हिले टेन्शन येते. सध्या जमते तसं राह, पण कायमचं... आपण दिवाळीनंतर पाहू ना. मोठं घर पाहू."

मला काही कळेचना. "तुले कोणी सांगतलं मी राहायले आली म्हणून?"

सून कानकोंडी झाली. "तुम्हीच लिहिलं होतंत ना आई. येऊन राहिली, म्हणून. मला वाटलं, येऊन राहणार. मी ह्यांना फोन करून सांगितलं, आई राहायला येताहेत."

मुलानं कपाळावर हात मारला. "अवं, येऊन राहिली म्हणजे येत आहे. वाटेत आहे. एवढंच."

"एवढंच?" सुनेनं मला विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

मग मात्र आम्ही हसलो, पोट धरून हसलो. सुनेनं पाण्याचा ग्लास एका दमात संपवला आणि पहिल्यांदा नीट जेवायला लागली. मी तिचा चेहरा पाहत होते. परीक्षेत पेपर सोपा आला की पोरांचा होतो तसा मोकळा झाला होता. तिचा राग आला नाही. मी मात्र काड्या वाडग्याच्या कडेला ठेवून दिल्या.

"मग ही बॅग?" मुलानं सहज विचारलं.

"ब्लाउज टाकायचे आहेत शिवायले. इथला टेलर चांगला आहे म्हणतात."

बोलून गेले आणि लक्षात आलं, आता सरगुंडे काढता येणार नाहीत. चेन उघडली की आधी टूथब्रश दिसणार. बॅग मी पायानं खुर्चीखाली आत सरकवली.

दोघंही म्हणाले, आजचा दिवस तरी राहा. 'तरी' आपल्या भाषेत कशाला वापरतात, ते मी पोरांना नीट शिकवलेलं आहे. म्हटलं, गॅसवाला येणार आहे, जायलाच पाहिजे.

स्टँडवर गाडीत चढताना मी म्हटलं, "निघते."

मुलगा म्हणाला, "आई, येते म्हणावं."

"म्हटलं असतं. पण सूनबाई घरी जाऊन खोली रिकामी करत बसेल."

पुन्हा सगळे हसले. त्यात सगळ्यात मोठ्यानं मी.

खिडकीजवळ जागा मिळाली. बॅग मांडीवर घेतली. डब्याची कड साडीतून हाताला लागत होती. रसाचे आंबे घरी होते, सरगुंडे होते, आणि खायला मी एकटी होते. मूर्तिजापूर आलं तेव्हा सुनेचा मेसेज आला, "आई, कुठपर्यंत पोचलात?"

मी लिहिलं, "जाऊन राहिली." तिला पाठवणार तेवढ्यात थांबले. सगळं पुसलं आणि सावकाश, एकेक अक्षर बघून, पुन्हा लिहिलं, "मी माझ्या घरी जात आहे." पुढे पूर्णविरामही दिला. वाक्यात एकही चूक नव्हती.