शंभरात अकरा

तपासनीस बाई आणि तिचा धाकटा दीर यांच्यात विस्तव जात नव्हता. राहायला एकाच घरात, ती खाली, तो वर. आणि नोकरीही एकाच प्लास्टिकच्या कारखान्यात. ती प्रयोगशाळेत, तो उत्पादनाचा प्रमुख. बावीस वर्षांत तिने त्याचा कितीतरी माल परत पाठवला होता, आणि त्यातली एकही खेप तो विसरला नव्हता.

त्या उन्हाळ्यात दिराने नवा कॅटलिस्ट, म्हणजे प्लास्टिकच्या साखळ्या जुळवणारा पदार्थ, आणला. प्लास्टिकचे दाणे निघाले पांढरेशुभ्र. पण बाईने मूठभर हातात घेतले, तर बोटांना किंचित चिकटले. तिने नमुना झायलीन या द्रावकात उकळला, थंड केला, गाळला. चांगल्या मालातले शंभरात तीन-चार भाग त्यात विरघळून राहतात. इथे अकरा. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा अकरा.

कागद घेऊन ती दिराच्या खोलीत गेली.

"या दाण्यांचे इस्पितळाचे ट्रे करू नका. हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेत टिकायचे नाहीत."

"रसायन तेच, वजन तेच. बिघडलं काय मग?"

"बाजू बिघडली. या साखळीला जागोजागी शेंडे असतात. सगळे एका बाजूला आले, तर साखळ्या सारख्या पिळाने वळतात, एकमेकींना लागून दाट बसतात. माल कडक होतो, उष्णता सोसतो. शेंडे वाटेल त्या बाजूला फुटले, की त्यांना धड बसताच येत नाही. मऊ, चिकट लगदा होतो. तुमचा कॅटलिस्ट बाजू सांभाळत नाही."

"शाळा पुरे. मालाच्या दाखल्यावर सही करा."

"नाही करणार."

"दादानं डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्हाला," तो दात-ओठ खात म्हणाला. सही त्याने स्वतःच ठोकली. दुसऱ्या दिवशी बाईची बदली गोदामात, पोत्यांवर चिठ्ठ्या डकवायला.

घरी सासूबाई धाकट्याच्याच बाजूने. "मूठभर दाण्यांपायी घरात आग लावलीस," म्हणाल्या. नवरा पेपर उघडून बसला.

त्याच आठवड्यात कारखान्याचे मालक फाटकाशी भेटले. "कसं काय बाई, इकडे कुठे?"

सांगायचं तर तेव्हाच. पण तिच्या मनात आलं, बुडू दे मेल्याला.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढे गेली.

महिन्याभरात ट्रे इस्पितळातून परत आले, कडा लोंबलेले, एकमेकांना चिकटलेले. वाफेतून काढताना एक ट्रे मधोमध वाकला होता आणि तापलेली हत्यारं एका परिचारिकेच्या मनगटावर सांडली होती. मालकांनी सही पाहिली. दिराचं पद गेलं, बाईला प्रयोगशाळा परत मिळाली.

"त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?" मालकांनी विचारलं. ती झायलीनची बाटली उचलून कपाटात ठेवू लागली.

संध्याकाळी दीर जिन्यात आडवा आला.

"माझं चुकलं ते चुकलं. पण ते मनगट भाजणार, हे तुम्हालाही कळत होतं, वहिनी."

"कळत होतं," ती म्हणाली.

तो वर गेला. तिने दार लावून घेतलं आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्याच्यावरही खेकसली.