निष्कर्ष आधी, प्रश्न मागाहून

फाल्गुनातल्या दुपारी जिनिंगच्या शेडमध्ये पाऊल टाकले की आधी दिसतो तो कापूस नव्हे, उजेड. पत्र्यांच्या फटींतून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत रुईचे असंख्य तंतू संथपणे तरंगत असतात आणि क्षणभर वाटते, कुणी आभाळच पिंजून इथे सोडून दिले आहे! मग घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या रेच्यांची घरघर हाडांपर्यंत पोचते. सौंदर्य आणि खोकला एकाच श्वासाबरोबर छातीत उतरावेत, असे ठिकाण मी दुसरे पाहिलेले नाही.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून असलेल्या या कारखान्यात मी कामगार कल्याणाचे काम पाहते. माहेर यवतमाळचे, घरात आजोबांपासून सगळे कचेरीत बसणारे. समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा वाटले होते, आपण माणसांत बसू. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली पंख्याखालची खुर्ची आणि रजेचे अर्ज.

त्या फाल्गुनात व्यवस्थापकसाहेबांनी मला बोलावले. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बायका दुपारनंतर गळून जातात, चक्कर येते म्हणतात, वरचेवर खाडे करतात, अशी त्यांची तक्रार होती. महिन्याभराने मोठ्या खरेदीदार कंपनीची माणसे पाहणीला येणार होती.

“मॅडम, साधं काम आहे. एक संशोधन करून टाका.”

करून टाका! जणू अंगणात सडा टाकायचा होता. त्यांनी समोर सरकवलेल्या कागदावर विषय टंकून तयार होता : ‘महिला कामगारांमधील शिस्तीचा अभाव’. त्या अभ्यासाच्या आधारे सतत खाडे करणाऱ्या बायकांना कमी करायचे होते आणि त्यांत पहिले नाव मनीषाचे होते. मनीषा पंचविशीतली, मारेगावकडून लग्न होऊन इकडे आलेली. आदल्याच आठवड्यात ती रेच्याजवळ कोसळली होती आणि तेव्हापासून घरीच होती.

मला सांगा, उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणे याला आपण काय म्हणावे? सत्याच्या दारात जाताना मनुष्याने निदान रिकाम्या हातांनी जावे! कागद घेऊन मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. तरी ठरवले, संशोधन करायचे तर ते खरेच करायचे. कुणाशी बोलायचे, काय विचारायचे, काय डोळ्यांनी पाहायचे, याची आखणी केली आणि मथळ्यातली ‘शिस्त’ खोडून लिहिले : ‘दुपारनंतर बायकांना थकवा का येतो?’

पहिला प्रयत्न फसला. एकेकीला केबिनमध्ये बोलावले, तर पदर सावरून, खुर्चीच्या कडेवर टेकून जी ती एकच सांगे, “सारं बराबर हाये, बाई.” साहेबांच्या भिंतीला भिंत लागलेल्या खोलीत दुसरे कोण काय बोलणार? म्हणून मी केबिन सोडली आणि सकाळच्या पाळीला डोक्याला फडके बांधून त्यांच्या रांगेत जाऊन बसले. सुमित्राबाई त्या टोळीच्या मुकादम. घरची थोडी तूर-सोयाबीनची शेती, आवाज खणखणीत, बोलणे तुटक. त्या म्हणाल्या, “कायले लिहून राह्यल्या, बाई? लिहून काई होते का?”

मी लिहिणे थांबवले आणि हाताने कचरा वेचू लागले. ऊन चढले. पत्रा तापला. मी सारखी उठून गटागट पाणी पीत होते. बाकी कुणी उठत नव्हते. ओठांवर पापुद्रे धरले होते, तरी कुणी ओठ ओले करण्यापलीकडे जात नव्हते. दुपारी व्हायचे तेच झाले. आजवर मी कचेरीतलेच वापरत आले होते; हळूच विचारले, “बायकांचं शौचालय कुठं आहे?”

एकदम हशा उसळला. मग तो तितक्याच एकदम विझला. सुमित्राबाईंनी मला शेडमागे नेले. ‘महिला’ असे सुबक अक्षरांत रंगवलेले दार होते आणि दाराला कुलूप होते. फटीतून आत डोकावले तर छतापर्यंत रचलेला बारदाना, रिकाम्या पोत्यांची थप्पी.

“हे असं हाये,” त्या म्हणाल्या. “मांगं आडोशाले जाव, तं टरकवाले उभे राह्यतात. पानी पेलं का मंग जा लागते न, बाई. जाव कुठी? मून सकायी घरून निंगतो, तवापासून आमी पेतच नाई.”

मी तिथेच उभी राहिले. संताप मला ठाऊक होता, पण लाजेने पेटलेला संताप मी त्या दिवशी प्रथम अनुभवला. आणि मग बायका बोलू लागल्या. पोटात उठणाऱ्या कळा, लघवीची आग, पाळीच्या दिवसांतले हाल आणि त्याच दिवसांत होणारे खाडे. संध्याकाळी मी मनीषाकडे गेले. ग्रामीण रुग्णालयात तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाल्याचे आणि अंगातले पाणी आटल्याचे सांगितले होते. खाटेवर उठून बसत ती म्हणाली, “मी आळशी नाई, मॅडम. मले तहान लागे, पन मी पेत नव्हती.”

अहवाल मी एकटाकी लिहिला. साहेबांनी तो वाचला, मान डोलावली, “छान मेहनत घेतलीत” म्हणाले आणि ठेवून घेतला.

पाहणीच्या दिवशी सभागृहात पडद्यावर माझेच नाव झळकले आणि खाली निष्कर्ष उमटला : ‘महिला कामगारांमध्ये पाणी पिण्याविषयी जाणीवजागृतीचा अभाव आढळतो.’ जाणीवजागृती! तहान कशाला म्हणतात हे त्या बायकांना शिकवायला शिबिर भरवायचे होते! भाषा किती निर्लज्ज होऊ शकते, पाहा. कुलपाला अज्ञान म्हणायचे आणि वर माझ्या नावाचा शिक्का मारायचा. किती अहवालांत, किती कचेऱ्यांत असे दारांना कुलपे घालून माणसांच्या माथी दोष मारले जात असतील!

मी उठले. “हा निष्कर्ष माझा नाही,” मी म्हटले. “माझा निष्कर्ष शेडच्या मागे आहे. चालत जाता येईल.”

“मॅडम, हे अंतर्गत आहे,” साहेब दातांतल्या दातांत म्हणाले.

पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पेन बंद केले आणि त्या उठल्या. त्या उठल्यावर बसून राहणे कुणाला शोभेना. आमची ती वरात शेडमागे पोचली तेव्हा सुमित्राबाई काम टाकून पुढे आल्या. पाहुण्या बाईंनी दाराकडे बोट करून किल्ली मागितली. किल्ली कुणाजवळच नव्हती. “काहून राहीन?” सुमित्राबाई म्हणाल्या. “हे खोलासाठी कोनी लावलंच नाई.” शेवटी कुलूप तोडावे लागले आणि पोती एकामागून एक बाहेर पडू लागली.

याला विजय म्हणावे का? अहवालाची बदललेली प्रत अजून माझ्याच नावाने फायलीत आहे. माझी बदली वजनकाट्यावर झाली आहे. दिवसभर मी गाड्या तोलते. पण मनीषाला परत घ्यावे लागले, कारण तिच्यावाचून रेच्याला हात लावणार नाही, असे बायकांनी ठरवले होते. जागा धुतली गेली, नळ आला, दिवा आला, आतून कडी आली.

आणि साहेबांनी त्या शौचालयाचे उद्घाटन ठेवले! छायाचित्रकार, नारळ, ताटात कात्री, दाराला आडवी बांधलेली लाल फीत. बायकांना टाळ्या वाजवायला ओळीने उभे केले होते. साहेब ‘महिला सन्मान’ या विषयावर बोलू लागले ते थांबेनात. तेवढ्यात ओळीतून मनीषा निघाली. कुणाकडे पाहिले नाही. वाकून फितीखालून आत गेली आणि तिने आतून कडी लावली. साहेब कात्री हातात घेऊन बाहेर उभे राहिले.