केसरवैनीचे द्रोण

आमच्या केसरवैनीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नावं ठेवायची तर मी ठेवीन. भिंतीला भिंत लागून राहते मी तिच्या.

हरिहरेश्वरला जाणारे लोक आमच्या वाडीवरून जातात आणि जाताना प्लॅस्टिकच्या ताटल्या टाकून जातात, मेले! ते बघून बघून वैनीचं टाळकं सरकलं. सुपारीच्या झावळीचा बुडखा रुंद आणि चिवट असतो, त्याला आम्ही विरी म्हणतो. बागेत कुजून जायच्या त्या विऱ्या वैनीने गोळा केल्या, भिजवल्या, गरम साच्यात दाबल्या आणि ताटं, द्रोण काढायला लागली. हरेश्वरभाऊ, म्हणजे तिचा नवरा, आधी खो खो हसला. मग मुकाट्याने विऱ्या वाहायला लागला. बघता बघता वाडीच्या पंगतीतून प्लॅस्टिक हद्दपार झालं.

पण विरीला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. एका लग्नात द्रोण गळला आणि आमटी थेट वरमाईच्या शालूवर. "असले द्रोण घरीच ठेवा," असं ती चारचौघांत म्हणाली. वैनीच्या ते फार जिव्हारी लागलं. तिने काय करावं? माणगावच्या बाजारातून पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदाचं भेंडोळं आणलं आणि साच्यातच द्रोणाच्या आतून चिकटवलं. प्लॅस्टिकच की ते! पण डोळ्याला दिसेना. वैनी कुणाला बोललीही नाही.

पुढे वाडीची पूजा झाली, पंगतीला तेच द्रोण. आमच्याकडे जेवणं उठली की उष्टी पानं, द्रोण गुरांपुढे टाकतात. प्लॅस्टिक आलं तेव्हा ही रीत बंद पडली होती. वैनीच्या विरीमुळे ती परत सुरू झाली, याचं सगळ्यांना कोण कौतुक! त्या दिवशी वैनी आत चुलीशी होती. बाहेर आली तोवर द्रोण उचलले गेले होते. तेव्हाच तिने ओरडायला हवं होतं. "एवढ्याने काय होतंय," असं मनाशी म्हणत ती भांडी घासायला बसली. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

थोड्या दिवसांनी पलीकडच्या सुचिताची चांदी चारा खाईना. गाभण गाय, पोट टम्म फुगलेलं. सुचिताचा नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, घरी ती आणि ही गाय, पोरीसारखी जपायची. गुरांचा डॉक्टर आला, इंजेक्शनं दिली, पण गाय गेली. पोट फाडलं तर आत प्लॅस्टिकचा गोळा. "पर्यटकांच्या पिशव्या, दुसरं काय," डॉक्टर म्हणाला. झालं! अख्खी वाडी पर्यटकांच्या नावाने बोटं मोडायला लागली. मीही ठेवणीतल्या शिव्या काढल्या. वैनीने मात्र त्या गोळ्यातले वाटीएवढे गोल तुकडे ओळखले होते.

तिने साचा बंद केला. जेवण गोड लागेना. शेवटी परसात मला धरून सगळं बोलली. मी भडकले.

"गप बस! सांगून गाय परत येणार हाय का?"

"गाय न्हाय येत गं. पण सुचिता रोज माझ्याच खांद्यावर रडते. मला तिचा हात लागला तरी चटका बसतो."

तशीच उठून गेली ती. मीही मागे गेले. सुचिता रिकामा गोठा झाडत होती.

"सुचिता, तुझी चांदी माझ्या द्रोणांनी गेली," वैनी म्हणाली. "आतून प्लॅस्टिक लावलं होतं मी. पूजेच्या दिवशी मला ठाऊक होतं, तरी बोलले न्हाय."

मला वाटलं, आता ही केरसुणी उगारणार. उगारली असती तर बरं झालं असतं. सुचिता खाली बसली.

"दुसऱ्यांची गुरं का न्हाय मेली, वैनी?"

वैनी तिच्यापुढे टेकली, तशी सुचिताच पुढे बोलली.

"पंगतीतले सगळे द्रोण मीच टोपलीत भरून आणले. म्हटलं गाभण हाय, वैनीच्या हातचं हाय, खाऊ दे पोटभर. ती तोंड फिरवत होती गं. मीच गोंजारून गोंजारून भरवले."