कोहळ्याचं लग्न

फुलांशी बोलणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, आणि नेमकं तसलंच एक माझ्या पदरात पडलं. यवतमाळात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. तिथे एका फुटक्या पिंपात ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कोहळ्याची वेल लावली होती. बी नेरजवळच्या त्यांच्या गावचं, माझ्या सासूबाईंच्या परसातलं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली तेव्हा आग्या मोहोळ होतं, त्यामुळे आम्हाला काही करावं लागत नसे. फुलाने मध द्यायचा, माशीने पराग इकडून तिकडे न्यायचा, दोघांचंही भागायचं. मग इमारतीतल्या लोकांनी धूर करून मोहोळ हटवलं. हे एकटेच नको म्हणाले. एकट्याचं कोण ऐकतं? त्या वर्षी वेलीला फुलं भरपूर आली, पण फळं बोटाएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची.

पुढच्या वर्षापासून हेच माशी झाले. उजाडताच गच्चीवर जायचे, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायचे आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. वर मंगलाष्टकं, तीही मोठ्याने. खालच्या मजल्यावरचे लोक हसायचे. हे वरून मला हाका मारायचे, "नवरी नटून बसली, अन् वरमाय अजून झोपूनच राह्यली." मी म्हणायची, "माशा गुणगुणतात, ओरडत नाहीत." तरी अक्षता म्हणून चार तांदूळ घेऊन मी वर जायचीच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून लग्नघरी बायका हळद लावायला पुढे होतात, तेव्हा मी मागे सरते. मला कुणी सरक म्हणत नाही, मीच सरते.

यंदा पावसाळ्यात डब्यातलं उरलंसुरलं बी पेरलं. जुनं झालं होतं, एकच वेल जगली. गावातलं परस तर केव्हाच विकलं गेलं. ही वेल फळली नसती तर सासूबाईंचं बी संपलं असतं, आणि ह्यांचं जे काही जिवंत उरलं होतं तेही. पहिली मादी फुलं मी नुसती बघत बसले. ती दुपारी मिटली, मग गळाली. पुढचं उमललं त्या सकाळी मला ह्यांचा राग आला. असा अर्ध्यावर संसार टाकून जातात का? रागारागानेच नर फूल तोडलं. 'शुभमंगल'पर्यंत आले, पुढचा शब्द काही निघेना. पण पराग लागला होता. तेवढ्याने भागलं.

दिवाळीनंतर कोहळं पिकलं. मी ते उचलून स्वयंपाकघरात आणलं. बी हवं तर कापायला हवं. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर पहिली सुरी बाई चालवत नाही. घरातला पुरुष चीर देतो, मग पुढचं आपण. मी पाट मांडला, सुरी काढली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून हाक गेली, "अहो, जरा येता का इकडे?"

ते गेल्यापासून मी त्यांना हाक मारली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मारली. मग मी थांबले, खरंच थांबले, येतील म्हणून. बऱ्याच वेळाने सुरी उचलली.